ब्रिस्टलला गेलेले दोन ड्रम

६ सप्टेंबर २००५, मंगळवार

रोमानियाचं पार्सल कस्टम्सने अडवलं, आणि संध्याकाळी दोन पोलीस दारात! नीना कणीक मळत होती, तशाच हातांनी दार उघडलं तिने.

कपाट दाखवलं. रायफलीची ड्रम मॅगझीन्स, म्हणजे गोळ्या भरायचे गोल डबे. फिनलंडचे, हंगेरीचे, चीनचे. रायफल घरात एकही नाही, गोळी नाही. नुसते रिकामे डबे. हेच पुन्हापुन्हा सांगत राहिलो. थोरल्या पोलिसाने एक उघडून आतली स्प्रिंग पाहिली. "बेकायदा काही नाही," म्हणाला. मग दारात थांबून, "हौस जरा वेगळी आहे तुमची, सर."

जुलैतल्या लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर आमच्यासारख्या तोंडवळ्याच्या माणसाने ही हौस करावी! शेजारच्या बाईंनी पडदा सारून पाहिलं.

नीना जेवली नाही.

७ सप्टेंबर

बोलत नाही अजून.

१० सप्टेंबर

आज बोलली. "नोव्हेंबरात क्रॉयडनला जायचंय ना? कायम राहायच्या परवानगीसाठी? का उधळतोयस सगळं? लोक पोस्टाची तिकिटं जमवतात रे!"

काय सांगणार तिला? शिकलो मेकॅनिकल, करतो बँकेचं सॉफ्टवेअर. दिवसभरात हाताला काही लागतच नाही. ड्रमची किल्ली पिळली की आतली स्प्रिंग ताणत जाते ती बोटांना कळते. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, लोखंडात बसलं. गोळ्यांशी मला देणंघेणं नाही. म्हणजे, तसं म्हणतो मी.

दमलोय. विकून टाकू. इंटरनेटवर हौशी लोकांच्या फोरमवर जाहिरात दिली.

१७ सप्टेंबर, शनिवार

ब्रिस्टलला जाऊन आलो. गिऱ्हाईक केव्हिन नावाचा, पन्नाशीचा, एकटाच राहतो. चहा दिला. बोलला मात्र सगळं कारखान्याबद्दलच. वसंतात काढून टाकलं त्याला. खिडकीतून कारखान्याचं छप्पर दिसतं, बोट करून दाखवलं. "विसरणार नाही मी त्यांना," म्हणाला. वाईट वाटलं मला.

दोन फिनिश ड्रम घेतले त्याने. मी हौसेने शिक्के दाखवायला लागलो तर बघेना. किल्ली तेवढी फिरवून पाहिली.

परतीच्या ट्रेनमध्ये गाढ झोप लागली. घरी आल्यावर नीना म्हणाली, "चला, दोन तरी गेले!"

८ ऑक्टोबर

केव्हिनचा फोन. उरलेले सगळे हवेत.

"अडकत नाहीत ना ते? मधेच बंद पडून चालणार नाही."

जमवणारा माणूस हे कधी विचारत नाही. तो रंग विचारतो, साल विचारतो. म्हटलं, "कपाटात ठेवायला हवेत ना?"

हसला. "आता त्यांना बसणारी वस्तू मिळालीय मला."

विकले गेले म्हणून थाप मारली आणि फोन ठेवला.

९ ऑक्टोबर

नीनाला सांगितलं. तिने मिलिंदला फोन लावला. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच प्रोजेक्टवर पुण्याहून आलो, तो. त्याचे कागद गेल्या महिन्यात झाले.

"तू काहीच ऐकलेलं नाहीस," मिलिंद म्हणाला. "पोलिसांत तुझं नाव एकदा गेलंय. आता तू जाऊन सांगणार, मीच विकले म्हणून? आधी पासपोर्टवर शिक्का पडू दे. मग बघ."

"बढाई मारत असेल मेला," नीना म्हणाली.

असेल.

१९ ऑक्टोबर

भुयारी रेल्वेत, मेट्रोपॉलिटन लाइनवर, एक बाई माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघत राहिली आणि पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात चढली. राग यायला हवा होता. आला नाही. डोक्यात केव्हिनच्या खिडकीतलं ते छप्पर. खाली किती माणसं काम करत असतील?

२५ ऑक्टोबर

काही नाही. ऑफिस, घर. फाइलमध्ये बँक स्टेटमेंट्स लावली.

१ नोव्हेंबर, दिवाळी

मिलिंदकडे फराळ. त्याच्या बायकोने, अक्षयाने, चकल्या छान केल्या होत्या. सगळे क्रॉयडनचंच विचारत होते. किती वेळ लागतो, काय विचारतात. मिलिंदने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालंच तुझं आता!"

परत येताना नीनाने एकदम विचारलं, "तो फोनवर चिडलेला होता का रे?"

"नाही. खुशीत होता."

ती थांबलीच फुटपाथवर. फटाके वाजत होते कुठेतरी. मग चालायला लागली.

४ नोव्हेंबर

केव्हिनचा मेसेज. "बाकीच्यांची गरज नाही. दोन पुरेत."

नीनाला दाखवला. वाचला, फोन परत दिला. रात्रभर दोघंही कूस बदलत होतो.

६ नोव्हेंबर, रविवार

उद्या सकाळी क्रॉयडन. आत्ता नीना कोट घालूनच माझ्यासमोर उभी राहिली. म्हटलं, "कुठे निघालीस?"

"पोलीस स्टेशनला. बूट घाल. सगळं तू सांगायचंस, मी बाजूला बसते."

"नीना, उद्या..."

"कारखाना उद्याच उघडेल ना रे?"