आईची लेन्स आणि कुकर टेस्ट

५ जानेवारी १९९५
पालघरला आईचे डोळे दाखवले. उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय, डावा आधीपासून अधू. डॉक्टर म्हणाले की पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून आत लेन्स बसवू. मटेरियल कुठलं, मी विचारलं. अ‍ॅक्रिलिक! बोईसरला आमच्या कंपनीत अ‍ॅक्रिलिकच्याच शीट निघतात आणि त्या पास-नापास करतो तो मीच. दुकानांच्या पाट्यांचा माल आईच्या डोळ्यात? तारीख पुढे ढकलली. संकल्प: नीट अभ्यास करून महिन्याच्या आत निर्णय.

१९ जानेवारी
अ‍ॅक्रिलिकचा तुकडा डाळीबरोबर कुकरमध्ये लावला. वाकडा झाला. रिजेक्ट. आईंच्या डोळ्यात कुकर लावणार आहात का, असं नर्मदा म्हणाली. बायकोला क्वालिटी कंट्रोल कळत नाही. डाळ फेकावी लागली.

८ फेब्रुवारी
दुसरं मटेरियल सिलिकॉन. लेन्सची घडी होते, डोळ्याला छेद लहान लागतो. मेंटेनन्समधून सिलिकॉनचं गॅस्केट आणलं, घडी घालून उशीखाली ठेवलं. सकाळी त्याला माझा केस चिकटलेला. रिजेक्ट.
आईने चहात मीठ घातलं. गुपचूप प्यायलो. मन खात होतं.

२ मार्च
घडी होणारं अ‍ॅक्रिलिकही निघालंय म्हणे. मग थांबलेलंच बरं.
आज आईने सिलिंडरवाल्या बुधाला मी समजून पाटावर बसवलं. भातावर तूप वाढलं, किती वाळलास म्हणत पाठीवरून हात फिरवला. तो बिचारा मुकाट जेवला. मी दारात उभा. फार लाज वाटली. पण घाई करून कसं चालेल?

१४ मार्च
आई मोरीत पडली. थोडक्यात वाचली. नर्मदाने मला न विचारता तारीख घेतली. आणखी थांबलात तर डोळाच जाईल, असं डॉक्टर तिला म्हणाले. जानेवारीत मलाही म्हणाले होते. इथे लिहायचं राहून गेलं.
संकल्प: शेवटपर्यंत आईजवळ उभा राहणार. लेन्स स्वतः तपासणार.

१७ मार्च
लेन्स बसली. साधी, कडक अ‍ॅक्रिलिकची. तपासायची राहिली. आत नेण्याआधी आईच्या डोळ्याखाली सुई टोचली, तेवढंच मी पाहिलं.
शुद्धीवर आलो तर आईच्या कॉटवर मी. डोळ्याला पट्टी बांधलेली आई उशाशी बसून, माझं तोंड चाचपून, पदराने वारा घालत होती. मी माफी मागायला लागलो. ती म्हणाली, ठावं हाय रे बाळा, तुला लहानपनापासून सुईचं भ्या, म्हनून तर म्या घाई केली न्हाई. मग नर्मदाला म्हणाली, याला आधी चहा दे, साखर जास्त घाल.
चहा गोड होता. कप आईच्या हातात दिला.