टाकीची सावली

आई,

आधी नमस्कार, मग बढाई.

शाळेच्या गच्चीवर बसवलेल्या सोलर पॅनलची वीज रोज दुपारी तीनला एकदम निम्मी व्हायची. आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, इन्व्हर्टरच बदलू. मला तू आठवलीस, गच्चीवर म्हणायचीस, "टाकीची सावली यायच्या आत कपडे पलीकडच्या दोरीवर टाक."

मी तीनच्या आधीच वर जाऊन बसले. तिथल्या पाण्याच्या टाकीची सावली बरोबर कडेच्या पॅनलवर आली. पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकाचं ऊन गेलं की अख्खी ओळ ढेपाळते. हे सांगितलं तर साहेब हसले. मी म्हटलं, तो कडेचा पॅनल सरकवून बघा, चुकलं तर मला घरी पाठवा. बोलून गेले खरी, पण रात्री बॅगही भरून ठेवली.

काल सरकवला. तीन वाजले, सव्वातीन झाले, मीटरवरचा आकडा पडला नाही. वर्गावर्गात पंखे आमच्याच उन्हावर फिरत होते.

शिडीवरून उतरताना गुडघा जरा खरचटला, विशेष नाही. बाबांचा खोकला थांबला का? खरं लिही.

साहेबांनी विचारलं, हे कुठल्या कोर्सला शिकवतात? मी म्हटलं, आईच्या हाताखाली, ओल्या कपड्यांची बादली घेऊन.

तुझी, उन्हाने काळी ठिक्कर पडलेली,
लेक