दोन अंगठ्यांमधली शिवण

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई शेजारीच बसलेली असते आणि तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. सोबत पार्सल आहे. आमच्या कारखान्यात टी-शर्टसाठी होजिअरीचं कापड येतं, त्यातला गडद निळा साडेतीन मीटरचा तुकडा मिळाला. आईचा खांदा धरल्यापासून तिचे कपडे बदलताना तुझी रोज त्रेधा उडते म्हणालीस ना? हे कापड ताणलं की लांबतं. गळा मोठा ठेवलास तर ड्रेस पायांतून वर चढवता येईल, तिला हात उचलायलाच नको.

मीच शिवला असता. पण माझं काम आईच्या हाती कुठल्या तोंडानं द्यायचं? ती दोन अंगठ्यांत शिवण धरून ताणणार, टचकन तुटली की सगळी उसवून माझ्या मांडीवर टाकणार. ‘उसवी’ हे नाव तिनंच मला दिलं. आणि गंमत बघ, आता कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी दिवसभर तेच करते, लोकांच्या शिवणी ताणून बघते.

तुझी शिवण तिच्या हातून कधी तुटली नाही. तेव्हा तूच शीव. आईला नमस्कार सांग, मी तिला आठवत असेन तर.

लोभ आहे तेवढा जपून ठेव.

तुझी,
उसवी


१५ जून

चि. उसवीस,
अनेक आशीर्वाद.

कापड पोचलं. कापड कसलं, जिवंत प्राणीच तो! टेबलावर अंथरलं की कडा गुंडाळून घेतो, कात्री जवळ आली की अंग चोरतो. मी आपलं नेहमीसारखं मापाला चार बोटं जास्त धरलं, तर कच्चा टाका घालून अंगाला लावल्यावर त्यात आई आणि मी दोघी मावलो असतो. पुन्हा कापलं. पंचेचाळीस वर्षं घरात शिवते आहे, एकाच कपड्याला दोनदा कात्री लावायची पाळी कधी आली नव्हती. मशीनही रुसलंय. तीन टाके घालतं, दोन सोडतं.

आई दुपारभर खुर्चीत बसून बघते. तिला आज कुठला वार ते सांगता येत नाही. मला दिवसातून दोनदा तरी नर्सबाई म्हणते, पण मशीनचा आवाज आला की एकदम शहाणी होते. परवा म्हणाली, झालं की आण, बघते. बासष्टाव्या वर्षी मी शाळकरी पोरीसारखी टाके मोजत बसले. हस, हस.

खरं सांगू? तिचं खाणं, पिणं, धुणं सगळं मी करते, त्याचं मला कौतुक नको. पण माझी शिवण तिच्या हातात तुटत नाही, एवढी एकच गोष्ट तिनं मला दिली आहे. तेवढी माझी राहू दे. तू रोज हे कापड हाताळतेस. काही युक्ती असेल तर उलट टपाली लिही.

तब्येतीला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई


२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोघी मावलो असतो हे वाचून टेबलावर एकटीच हसले. शेजारणीला वाटलं, लॉटरी लागली.

तुझ्या हाताला मी कसली युक्ती सांगणार? सुई आहे तीच असू दे. नेहमीसारखी बारीक सरळ टीप मार, आणि पक्की व्हावी म्हणून तिच्यावर आणखी एक मार. आई ताणेल तेव्हा काय म्हणाली ते मात्र शब्दन् शब्द कळव.

घाईत आहे. राग नसावा, लोभ असावा.

तुझी,
उसवी


२ जुलै

चि. उसवीस,
आशीर्वाद.

ड्रेस झाला. तू म्हणालीस तशा दोन टिपा मारल्या. इस्त्री केल्यावर देखणा दिसायला लागला, मीच दोनदा हात फिरवला. काल दुपारी आईच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा मागितला, कुशीची शिवण शोधून काढली, अंगठे लावले आणि ताणली.

टचकन तुटली. तिनं जरा खाली धरली, तिथंही तुटली. कापडाला काहीच झालं नाही, ते नुसतं लांबलं. दोरा तेवढा तुटत गेला. खांदा धरलेली म्हातारी, पण बगलेपासून घेरापर्यंत सगळी बाजू तिनं मोकळी केली आणि ड्रेस माझ्या मांडीवर टाकला. आणखीही काही म्हणाली. ते आत्ता लिहवत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. तू लहानपणी अशीच न्हाणीघरात जाऊन बसायचीस. मी दाराबाहेर उभी राहून हसायचे. ते काल आठवलं.

माया असू दे.

ताई


९ जुलै

ताई,

आज मायना सुचत नाही. नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, तुला तेव्हा हवा असला तर.

मला माहीत होतं. होजिअरीवर बारीक सरळ टीप मारली की ती ताणल्यावर तुटणारच, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तुझं पत्र वाचलं तेव्हा युक्ती लिहायला बसलेही होते. मग तुझं ते वाक्य पुन्हा वाचलं, तेवढी एक गोष्ट माझी राहू दे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुझ्याकडे तेवढी एक तरी होती. वाटलं, एकदा, फक्त एकदा आईनं तुझी शिवण तोडावी आणि तुला कळावं. तुला रडू आलं हे वाचून आधी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. मग जेवण गेलं नाही.

आता खरं ते लिहिते. बोथट टोकाची सुई घे. टाका मोठा ठेव, दोरा ढिला कर, आणि कापड पुढून-मागून किंचित ताणून धरून शीव. नाही तुटणार.

आई आणखी काय म्हणाली? माझ्यावर सूड म्हणून तरी सांग.

नमस्कार.

उसवी


२० जुलै

चि. उसवीस,

आशीर्वाद देते आहे, पण दात-ओठ खाऊन.

तुझं पत्र वाचून चार दिवस तुझं नाव घेतलं नाही. पाचव्या दिवशी सुई आणली. तू लिहिलंस तसं अक्षर न् अक्षर केलं, आणि मशीननं एक टाका सोडला नाही.

आता आई काय म्हणाली ते ऐक. शिवण तोडून झाल्यावर ती म्हणाली, हे उसवीचं काम, बघताक्षणी ओळखलं. मी समोर उभी होते. ते माझं आहे असं म्हणायला एक शब्द पुरे होता. मी गप्प बसले. माझी लाज तुझ्या नावावर खपली आणि मला सुटल्यासारखं झालं. तेव्हा तू एकटीच वाईट आहेस अशी ऐट मिरवू नकोस.

ते फेडायचं म्हणून परवा तोच ड्रेस नव्यानं शिवून तिच्या हाती दिला. तिनं ताणला, पुन्हा ताणला, दमली तरी ताणला. शिवण हलली नाही. कुणी शिवला विचारलं. मी सांगितलं, उसवीनं. तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, काहीतरीच काय नर्सबाई, तिला नाही जमायचं, हा माझ्या थोरलीचा हात.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला आनंद झाला. तुझ्या डोक्यावर पाय देऊन झाला, पण झाला. मी तिच्या पायांतून ड्रेस वर चढवला, सुरकुत्या नीट केल्या. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, थोरली हल्ली मला भेटायला का येत नाही?

तू ये. येताना कापड आणू नकोस. लोभ किती उरलाय ते तू आलीस की बघू.

तुझी ताई,
आईची नर्सबाई