पाणी पोहोचलं का?

प्रिय छोटे,

'मौलाना' असं लिहिणार होतो, पण तुला वाटलं असतं भाई चिडवतोय. खरंच चिडवत नाही. आपल्या घरात कुणीतरी एक गोष्ट धरून शेवटपर्यंत शिकतंय, हेच मोठं नवल. माझं तर तुला माहीतच आहे, एका जागी बूड टेकत नाही. फोनच केला असता, पण फोनवर आपलं काय होतं? मी एक वाक्य बोलतो, तू त्यावर चार दाखले देतोस आणि मी रागाने फोन ठेवतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर आपाला दाखव, तिला माझं कोंबडीचं खरडणं लहानपणापासून वाचता येतं.

आपाने सकाळी फोन केला होता. अम्मीने नमाजाचा मुसल्ला घडी करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय म्हणे. तू तिला सांगितलंस की नमाजाआधी हातपाय धुताना तिचा वजू पुरा होतच नव्हता, म्हणजे इतक्या वर्षांच्या नमाजा पाण्यात. तेव्हापासून अजान झाली की ती उठते, मोरीपर्यंत जाते, नळाकडे बघत उभी राहते आणि परत येऊन खाटेवर बसते. माझं तर चित्तच थाऱ्यावर नाही. आज एकाच दाराला दोनदा रंगाआधीचं अस्तर मारलं आणि दुसरं कोरडंच पुढे ढकललं. मालक म्हणाला, प्रेमात पडलायस का रे? म्हटलं, नाही, भाऊ विद्वान झालाय.

हो, काम पुन्हा बदललं ते सांगायचं राहिलं. आता लोखंडी दारं-खिडक्या रंगवायच्या कारखान्यात आहे. कारखाना कसला, पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर आणि त्याच्या आवाजाने बहिरी झालेली आम्ही पाच माणसं. त्यातला एक पहाड. हे मीच ठेवलेलं नाव. दारातून आत येताना तो आधी मान वाकवतो, मग खांदे तिरके करतो. हात तर असे की फावडी. पण दाराची कड मारायला लागला की ब्रश एक केसभर इकडेतिकडे होत नाही. खरं तर मला तुला कडेचं तंत्रही सांगायचंय, ब्रश आधी... जाऊ दे, सुट्टी संपेल.

टायरच्या दुकानावर दोन खोल्यांची मशीद आहे. पहाड रोज दुपारी जायचा. मी कधीमधी. तुला सगळं माहीत आहे, नमाजाच्या बाबतीत मी पाहुणा माणूस, आलो तर आलो. एकदा नळांवर आम्ही बसलो होतो आणि शेजारी चष्म्याच्या दुकानाचे मालक होते. त्यांना लोकांची नजर तपासायची सवयच. त्यांनी पहाडच्या हातांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, अरे बाबा, कोपरापर्यंत रंगाचं चिलखत चढवलंयस, पाणी कातडीला लागतंय कुठे? असल्या वजूवर नमाज म्हणजे नुसती उठाबस! दोघंतिघं हसले. पहाडने नळ बंद केला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेला. जिना पुढे किती वेळ हलत होता. नंतर तो आलाच नाही. मी विचारलं तर म्हणाला, होत नाही तर कशाला जायचं, उगाच वरच्याला फसवल्यासारखं.

छोटे, एक लक्षात घे, चष्मेवाले वाईट नाहीत. आमच्यातला एक शिडीवरून पडला तेव्हा त्यांनीच आपल्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं होतं. आणि ते बोलले तेही खोटं नव्हतं. ऑइल पेंटचा थर असला तर पाणी खाली जात नाही, हे कुणीही सांगेल. माणूस चुकीचं बोलला तर भांडता येतं. बरोबर बोलून घाव घातला तर काय करायचं?

आमचे इमामसाहेब माझ्याच वयाचे. तुझ्यासारखीच पुस्तकं घोकून आलेले, फक्त अंगाने तुझ्यापेक्षा बारीक. त्यांच्या कानावर हे गेलं असावं. सुट्टीच्या आदल्या दिवशी ते शेडमध्ये आले आणि पहाडला म्हणाले, मशिदीच्या जिन्याचा कठडा गंजलाय, मला रंगवायचाय, पण ब्रश कसा धरतात तेही येत नाही, शिकवशील? पहाड नाही कसा म्हणणार? दुसऱ्या दिवशी मीही गेलो, म्हटलं गंमत बघू. आणि गंमत होतीच. इमामसाहेबांनी कठड्यापेक्षा स्वतःलाच जास्त रंगवलं. मनगट, नखं, दाढीची एक बाजू. पहाड पहिल्यांदा गालात हसला, मग खदाखदा. मशिदीचा इमाम रंगवायचाय की कठडा, म्हणाला.

दुपार कलून अस्रच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा इमामसाहेबांनी आपले हात पुढे धरले आणि म्हणाले, आता माझं कसं व्हायचं? तूच सांग, हे काढतोस कशाने? पहाडने सांगितलं, थिनरने निघतं पण आग होते, रोज लावलं तर कातडी फाटते. कामाआधी तेल चोळलं तर रंग धरत नाही, पण कंटाळा येतो. मग दोघं नळावर बसून चिंधीने घासत राहिले. घासता घासता इमामसाहेब हळूच म्हणाले, आपण मनापासून घासायचं, जेवढं निघेल तेवढं. आणि रंगाऱ्याच्या नखात जे अडकून राहतं त्याला सवलत आहे, असं मला माझ्या उस्तादांनी शिकवलंय. बस. एवढंच. त्या दिवशी पहाड त्यांच्या मागे पहिल्या रांगेत उभा होता, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

नंतर मी इमामसाहेबांना विचारलं, बोलावून सरळ सांगितलं असतं तर? ते म्हणाले, सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं. पण थिनरने आग होते हे मला कुठे कळलं असतं?

कॉम्प्रेसर सुरू झाला, मालक बोंबलतोय. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तू अम्मीला म्हणालास, बोटातली अंगठी घट्ट आहे, तिच्याखाली पाणी पोहोचत नाही. आपाने तुला न सांगितलेली गोष्ट मला सांगितली. अब्बांनी तिच्या बोटात घातलेली ती अंगठी सांध्याच्या सुजेमुळे निघत नाही, साबण लावून ओढून ओढून अम्मीने बोट सोलून घेतलंय, आणि उद्या ती सोनाराकडे जाणार आहे, अंगठी कापून घ्यायला. छोटे, नियम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, मी वाद घालत नाही. पण तू तिचा हात हातात घेऊन पाहिलास का? निघत नाही म्हणजे फिरत नाही, असं थोडंच आहे? अब्बांना यायला उशीर झाला की ती दारात उभी राहून अंगठी गोल गोल फिरवायची, आठवतं? नळाखालीही, पाणी आत जावं म्हणून, तशीच फिरवायची का, ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. आज तिच्याबरोबर मोरीत जा, तिच्याशेजारी बसून तूही वजू कर, आणि तिला विचार. सांगू नकोस रे, फक्त विचार. सोनाराचं दुकान सकाळी लवकर उघडतं.

तुझाच, कुठेही असला तरी तुझाच,
भाई