कनातीपलीकडचं हसू

मूल गाव, रविवार, दिवेलागण

उद्या सकाळी लाकडांच्या डेपोवर निघायचं आहे, महिनाभर जंगलात मुक्काम. आणि डोक्यात मात्र कालचा तंबूतला सिनेमा.

सिनेमा हसण्याचाच होता. बायकोवर संशय घेणारा नवरा गावाला जातो म्हणून सांगतो आणि घरातल्याच कपाटात लपून बसतो. ती शेजाऱ्याशी गोड गोड बोलू लागली तसा सगळा तंबू हसला. मधल्या कनातीपलीकडे, बायकांच्या बाजूला, माझी सुमन सगळ्यांत मोठ्यानं हसली. लग्नाला वर्षही झालं नाही, पण तिचं हसू मी कुठंही ओळखीन. घरी ती इतकी मोकळी कधी हसली? माझ्यासमोर तर नाहीच. मी जंगलात असतो तेव्हा हसते का? कोणासोबत? छे, काय लिहून राह्यलो मी हे.

तरी आज राहवलं नाही. ती माझी वळकटी बांधत होती. विचारलं, "काल एवढं हासू काऊन येत होतं तुले?"

"कपाटात तो हाये, हे तिले पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून." मग दोरीची गाठ आवळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सारे माणसं हासले. तुमचंच हासू ऐकू नाई आलं. मी कान लावून होती. काऊन नाई हासले तुमी?"

खोकला होता, म्हणालो.

तिनं वळकटी दाराशी नेऊन ठेवली.

काल मी एकदाही खोकललो नव्हतो. आणि ती कान लावून होती.