मोरसाच्या भाजीतलं मीठ

विचुंबे, पनवेल

प्रिय रंभा,

फोनवर तू "तुमी जेवलात का" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो आणि बोलणं संपतं. भाचीच्या लग्नाला चार दिवस म्हणून कर्जतला माहेरी गेलीस, त्याला दोन महिने झाले. परवा म्हणालीस, "इथं माझ्या हातचं सगळ्यांना आवडतं." ते वाक्य घेऊनच बसलोय. पण आधी बातमी, कारण ती पोटात राहत नाही: आपल्या गॅलरीत मोरस वाढलंय. आपल्या मिठागराच्या बांधावर उगवायचं, तेच.

खाडीकडून चार रोपं आणली होती. कुंडीत लाल माती, शेणखत, फिल्टरचं पाणी, अगदी जावयाची बडदास्त. तरी रोपं काटकुळी, पानं दोऱ्यासारखी. रोज सकाळी त्यांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. तू असतीस तर म्हणाली असतीस, कवितेनं तांदूळ शिजत नाय. खालच्या अब्दुल्लाभाईंची नात माहनूर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं कुंडी पाहून कपाळाला हात लावला. "आजोबा, यांना गोडं पाणी? उपाशी मारताय." मग खाडीचा चिखल आणला, पाण्यात खडेमीठ विरघळवून घातलं, आणि पंधरा दिवसांत पानं भिजवलेल्या गव्हासारखी टम्म फुगली.

माहनूर सांगते, हे झाड मिठाला दाराबाहेर ठेवत नाही. आत घेतं आणि पानातल्या बारीक कप्प्यांत कोंडतं, म्हणजे बाकीच्या पानाला त्रास नाही. त्या मिठाच्याच ओढीनं खाऱ्या चिखलातलं पाणी वर येतं आणि पान ते साठवून जाड होतं. मीठ फार झालं की बुडाची जुनी पानं लाल होतात आणि आपल्यातलं मीठ घेऊन गळतात. शेंडा हिरवाच. माझं बालपण मिठागरावर गेलं, आणि हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळतंय. चौथीतल्या पोरासारखा दिवसातून दहादा गॅलरीत जातो.

काल पहिली खुडणी केली आणि जन्मात पहिल्यांदा चुलीशी उभा राहिलो. मोरस उकडलं, पिळलं, कांदा-लसूण आणि जवळा घातला. मिठाच्या बरणीपाशी आलो तसा हात थांबला.

आपल्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. तू गोड्या पाण्याच्या गावची, मोरस कधी पाहिलेलं नाही. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मोरसात मीठ घातलंस गो? तुमच्या कर्जतला दर्या नाय वाटतं." पंगत हसली. पंचेचाळीस वर्षं तू मोरसाला हात लावला नाहीस. अजूनही कुठलीही भाजी वाढताना "मीठ बघा हां" म्हणतेस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तू मीठ घातलंस ते मी पाहिलं. मोरस मुळात खारं, त्यात मीठ घालत नाहीत, हे मला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. गंमत येईल म्हणून गप्प राहिलो, आणि पंगतीत सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मीच. तू आजवर ती चूक आपली समजत आलीस. चूक माझी होती. पुढच्या आठवड्यात दुसरी खुडणी निघेल. तू ये. भाजी तू कर. मीठ घातलंस तरी चालेल, मी ताट पुसून खाईन.

तुझाच,
दारात गप्प उभा राहिलेला
बळीराम