माहीत असलेलं आधी

४ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरीच्या वर्गशिक्षिकांनी शाळेत बोलावलं. आईला रजा नाही, म्हणून मी गेले. बाई आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं. "तुमची बहीण हुशार आहे हो. पण कधी वही नाही, कधी कंपास नाही, कुठला धडा चाललाय याचा पत्ता नाही. या परीक्षेत गणितात साठ पडले नाहीत, तर पुढच्या वर्षी विज्ञान शाखा मिळणार नाही."

आणि हिला भूल देणारी डॉक्टर व्हायचंय! घरी येताना वाटेत तिला म्हटलं, गणिताच्या तासाला झोपतेस म्हणे.

"ताई, पुढे लोकांना झोपवायचंय ना? स्वतःवर सराव करतेय!"

मी हसले नाही. म्हणजे, तोंड वळवून हसले.

५ नोव्हेंबर

आमच्या प्रयोगशाळेत तराजू, तापमापक, मोटारींचे वेगमापक तपासायला येतात. पहिला नियम — माहीत नसलेलं मोजण्याआधी माहीत असलेलं मोजायचं. बरोबर एक किलोचं वजन ठेवायचं. काटा किलोवर थांबला, तरच पुढे.

भिंगरीला तेच लावलं. संध्याकाळी साडेसहाला उद्याचं दप्तर भरायचं. उद्याचा धडा एकदा वाचायचा, अडलेला एक प्रश्न लिहून न्यायचा. नव्या गणिताआधी, उत्तर पाठ असलेलं एक जुनं सोडवायचं.

"म्हणजे मी तराजू?"

आई म्हणाली, "तराजू बरा. एका जागी बसतो तरी."

८ नोव्हेंबर

दप्तर रिकामं. कंपास पलंगाखाली. भांडण.

१२ नोव्हेंबर

लिहून नेलेला प्रश्न तिने आज वर्गात विचारला. "ताई, अर्ध्या वर्गाला तेच अडलं होतं! सगळे वळून माझ्याकडे बघत होते. आणि या वेळी मी काही पाडलंही नव्हतं."

मी "बरं" म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

कामावर अडकले. साडेसात वाजता घरी आले तर दप्तर दाराशी भरून ठेवलेलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने डोळ्यांनी दटावलं — गप्प, उगाच चढेल ती.

२ डिसेंबर

उद्या गणित. यांच्या शाळेत पेपरला कॅल्क्युलेटर चालतो. साडेसहाला सगळं तपासताना भिंगरीच्या लक्षात आलं, कॅल्क्युलेटरचं एक बटण अडकतंय. महिन्यापूर्वी हे परीक्षेच्या बाकावर कळलं असतं! माझा कामावरचा दिला. काच पुसली, एकेक बटण दाबून बघितलं, दप्तरात मीच ठेवला. दोन पेनं, कंपास, ओळखपत्र, पाण्याची बाटली तिने भरलेलीच होती. मी सगळं दोनदा मोजलं. कुठे काही राहिलेलं नाही.

३ डिसेंबर

"बरा गेला." एवढंच. माझ्याकडे बघून गालात हसत होती. काय झालं विचारलं, तर "काही नाही गं."

१३ डिसेंबर

एकाहत्तर! त्रिकोणमितीत वीसपैकी वीस. आईचे डोळे भरले. मी म्हणाले, "ठीक."

"आई, ताईचं 'ठीक' म्हणजे इतरांच्या टाळ्या," भिंगरी म्हणाली.

१६ डिसेंबर

परीक्षेपासून कॅल्क्युलेटर तिच्याकडेच होता. आज कामावर परत नेला. पहिलंच उत्तर भलतं आलं. बघते तर कोनाचं माप डिग्रीवर. माझा कायम रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर असतो, आमचं काम त्यातच चालतं. शाळेत सगळं डिग्रीत. आणि मी तो तसाच दिला होता. सगळी बटणं दाबली, पण उत्तर माहीत असलेलं एक गणित घालून बघितलं नाही. मी!

घरी येऊन विचारलं.

"पेपर हातात यायच्या आधी साइन तीस टाकून बघितलं. अर्धा यायला हवा ना? उणे काहीतरी आलं. मग बदललं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू दोनदा मोजलं होतंस ना, ताई."